नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली कशी ऐकावी : ग्वाल्हेरच्या मराठी कानांसाठी

नुसरत फतेह अली खान हे नाव माहीत नाही असा गाणे ऐकणारा माणूस आज सापडणे कठीण आहे. पण त्यांची एखादी कव्वाली पहिल्या स्वरापासून शेवटच्या टाळीपर्यंत, मध्ये न उठता ऐकली आहे असे सांगणारे फार थोडे भेटतात. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळींतही हेच दिसते. बहुतेकांची ओळख चित्रपटातल्या चार-पाच मिनिटांच्या तुकड्यापाशी किंवा दुसऱ्या कोणी नव्याने गायलेल्या मुखड्यापाशी थांबलेली असते. नव्वदच्या दशकात लश्करमधल्या बाड्याच्या बाजारातून आणलेल्या एका कॅसेटपासून मी त्यांना ऐकते आहे, आणि इतक्या वर्षांत माझी जी खात्री झाली ती अशी की, कव्वालीचा जीव एका ओळीपाशी गाणारा किती वेळ थांबू शकतो यात असतो, आणि तुकडे करताना नेमका तोच जीव जातो. अशी थांबण्याची सवय ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला ख्यालाने आणि कीर्तनाने आधीच लावलेली आहे. म्हणून आपल्याला नवे काही शिकण्यापेक्षा जवळ असलेले कान योग्य ठिकाणी लावायचे आहेत, आणि ते कसे लावावेत हे मी येथे क्रमाने सांगते.

वेळ, जागा आणि आवाज

सलग एक तास मोकळा असल्याशिवाय सुरुवात करू नये. स्वयंपाक करता करता किंवा गाडी चालवताना ऐकलेली कव्वाली कानावर पडते, पण उलगडत नाही. फोनच्या लहान स्पीकरवर टाळ्या आणि हार्मोनियमचे वरचे स्वर एकमेकांत मिसळून कर्कश होतात आणि तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे घरातला साधा का होईना, पण मोठा स्पीकर वापरावा किंवा बरे हेडफोन लावावेत. यूट्यूबवर ऐकत असाल तर मध्येच जाहिरात येणार नाही अशी काही सोय आधी करून ठेवावी, कारण द्रुत लयीच्या ऐन चढावर तुटलेली लय पुन्हा मनात जुळत नाही. पहिल्या वेळी चित्रफीत न पाहता केवळ ऐकावे आणि दुसऱ्या वेळी पाहावे. नुसरत यांचे हात, त्यांचे डोळे मिटणे, हवेत स्वर रेखाटणारी बोटे हे सारे विलक्षण आहे; परंतु ते आधी पाहिले की डोळे कानांचे काम काढून घेतात.

गाणाऱ्यांची मांडणी ओळखणे

कव्वाली एकट्याने गायची नसते. या मंडळाला पार्टी म्हणतात आणि मुख्य गायकाला साथ देणाऱ्यांना हमनवा. पुढच्या ओळीत मुख्य गायक, सहगायक आणि हार्मोनियमवाले, तर मागच्या ओळीत टाळ्या देत पालुपद उचलणारे, अशी साधारण मांडणी असते. नुसरत यांच्या पार्टीत धाकटे बंधू फर्रुख फतेह अली खान हार्मोनियमवर असत, चुलतबंधू मुजाहिद मुबारक अली खान सोबत गात, तबल्यावर दिलदार हुसेन असत, आणि पुढे पुतण्या राहत फतेह अली खान लहान वयातच मागच्या ओळीतून तान घेऊ लागला.

ऐकताना एक अभ्यास करावा. पहिली दहा मिनिटे मुख्य गायकाकडे मुद्दाम दुर्लक्ष करून केवळ मागच्या ओळीवर लक्ष ठेवावे. नुसरत कोठेही भटकले, कितीही लांब तान घेतली, तरी पालुपद नेमक्या मात्रेवर उचलणारे हे लोक जमीन सोडत नाहीत, हे लक्षात येते. कीर्तनात बुवा निरूपणात दूर जातात तेव्हा मागे टाळकरी पालुपद धरून उभे असतात. येथेही काम तेच आहे. ही जमीन एकदा ऐकू आली की वरची उड्डाणे किती धाडसाची आहेत याचा अंदाज येतो.

पहिले ध्वनिमुद्रण कोणते घ्यावे

याबाबत माझे मत ठाम आहे. सुरुवात चित्रपटगीतांनी करू नये आणि पाश्चात्त्य वाद्यांसोबत केलेल्या प्रयोगांनीही करू नये. जुलै १९८५ मध्ये इंग्लंडमधील मर्सी बेटावर ‘वोमॅड’ या जागतिक संगीताच्या महोत्सवात त्यांनी जे गायन केले, त्याचे ध्वनिमुद्रण २०१९ मध्ये प्रकाशित झाले. ते प्रथम ऐकावे. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ना भाषा कळत होती, ना परंपरा ठाऊक होती. अशा श्रोत्यांपुढेही पार्टीने गाणे पातळ केले नाही, क्रम बदलला नाही, आणि हळूहळू तो सारा जमाव ओढला गेला. आपल्यापैकी ज्यांना पंजाबी येत नाही त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

या ध्वनिमुद्रणाचा दुसरा मोठा लाभ असा की त्यात कव्वालीचा रूढ क्रम थोडक्यात सापडतो. आरंभी ईश्वराची स्तुती, म्हणजे हम्द. मग हजरत अलींचे गुणगान, म्हणजे मनकबत. त्यानंतर सिंधमधील सेहवानच्या लाल शहबाज कलंदरांना उद्देशून गायन. आणि शेवटी मानवी प्रेमाची भाषा बोलणारे पंजाबी गीत. पूर्ण मैफलीत हम्दनंतर पैगंबरांची स्तुती, म्हणजे नात, येते आणि गझल किंवा काफी, म्हणजे पंजाबी सूफी पद, पुढे येते. वारकरी भजनाला बसणाऱ्यांना हा क्रम अजिबात परका वाटणार नाही. आपणही रूपाच्या अभंगांनी सुरुवात करतो, गवळणीपर्यंत मागाहून येतो, आणि कोणी पहिल्यालाच गवळण सुरू केली तर जाणती माणसे त्याच्याकडे पाहतात. कव्वालीतही प्रेमगीतापर्यंत पोचण्याचा एक मार्ग आहे, आणि त्या मार्गाने आलेल्या श्रोत्याला त्या प्रेमगीतातला प्रियकर कोण आहे हे सांगावे लागत नाही.

एक कव्वाली उलगडताना

आता त्यातली एकच रचना घ्यावी आणि तीनदा ऐकावी. आरंभी हार्मोनियम व तबल्याचा जो तुकडा वाजतो त्याला नगमा म्हणतात. तो सूर आणि लय दोन्ही कानात बसवतो. मग आलाप येतो, आणि त्यात बहुधा एखादा शेर किंवा दोहा तालाशिवाय म्हटला जातो. त्यानंतर मुख्य ओळ येते, हमनवा ती उचलतात, टाळी सुरू होते आणि लय हळूहळू चढू लागते. ही लय इतक्या सावकाश वाढते की तिसऱ्या वेळी ऐकताना घड्याळ समोर ठेवून पहिल्या आणि शेवटच्या मिनिटातली टाळी मोजल्याशिवाय तिचा खरा अंदाज येत नाही. मी तशी मोजली तेव्हा, इतके अंतर आपण नकळत कसे चढून आलो, याचे मला मोठे आश्चर्य वाटले होते.

या रचनेतील सर्वांत श्रीमंत भाग मात्र गिरह हा आहे आणि त्यावर जितका वेळ द्याल तितका थोडा. गिरह म्हणजे गाठ. मुख्य ओळ चालू असताना गायक दुसऱ्याच एखाद्या कवीचा, कधी दुसऱ्याच भाषेतला शेर आणतो आणि त्याचा शेवट असा बांधतो की मूळ ओळ त्याच्या उत्तरासारखी उमटते. उर्दू ओळीला फार्सी शेराची गाठ पडते, पंजाबी काफीला ब्रज दोह्याची. प्रत्येक गाठीनंतर तीच मूळ ओळ परत येते, पण ती आता पहिली राहिलेली नसते, कारण तिच्या अंगावर मागच्या शेराचा अर्थ चढलेला असतो. दहा गाठींनंतर तीच पाच शब्दांची ओळ ऐकताना डोळे भरून येतात, आणि नवख्या श्रोत्याला मात्र वाटते की हे लोक एकच ओळ पुन्हा पुन्हा का म्हणत आहेत.

हे नीट कळावे म्हणून वही घ्यावी. पानाच्या मध्यभागी मुख्य ओळ लिहावी. गायक तिच्यापासून दूर गेला की कडेला एक रेघ काढावी आणि त्या रेघेवर ऐकू आलेले दोन-चार शब्द, जसे ऐकू येतील तसे, देवनागरीत टिपावेत. अर्थ लागला नाही तरी चालेल. ओळ परत आली की रेघ मध्याशी जोडावी. कव्वाली संपेपर्यंत पानावर चाकाच्या आऱ्यांसारखे चित्र तयार होते. त्यातील ज्या रेघा लांब आल्या आहेत तेथे परत जाऊन ऐकावे. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या परंपरेतली कीर्तने ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ही रीत आतून ठाऊक आहे: एका अभंगाच्या चरणासाठी बुवा कबीर आणतात, संस्कृत श्लोक आणतात, दरबारातली एखादी गोष्ट आणतात, आणि फिरून त्याच चरणावर येतात. मी स्वतः कव्वाली समजू लागले ती या तुलनेमुळेच. त्याआधी कित्येक वर्षे मी केवळ आवाजाने भारावून जात होते, आणि ते भारावणे खरे असले तरी अपुरे होते.

गिरहेखेरीज एकाच शब्दाची आवर्तने, म्हणजे तकरार, हीदेखील मुद्दाम ऐकावी. दरग्यातल्या समा-मैफलीत एखाद्या शब्दावर श्रोत्याला भावावस्था आली, जिला हाल किंवा वज्द म्हणतात, तर कव्वालाने तो शब्द सोडून पुढे जायचे नसते. ती अवस्था ओसरेपर्यंत तेच गात राहायचे असते. पुनरुक्तीचे मूळ या जबाबदारीत आहे. रंगमंचावर गातानाही नुसरत श्रोत्यांकडे पाहून ठरवत की या शब्दावर अजून थांबायचे की नाही, आणि म्हणूनच त्यांची एकच कव्वाली दोन मैफलींत कधी सारख्या लांबीची आढळत नाही.

सरगम : आपल्या घराण्याच्या कानाने

नुसरत यांची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे द्रुत लयीत अचानक कोसळणारी सरगम. कव्वालीत सरगम आधीपासून होती, पण तिला इतके मोठे आणि इतके धारदार स्थान त्यांनी दिले. याचे एक कारण त्यांच्या शिक्षणात आहे. त्यांची सुरुवात तबल्याने झाली आणि गळ्याची तालीम त्यानंतर आली. त्यांच्या सरगमेत स्वर हे जणू तबल्याच्या बोलांसारखे पडतात, मात्रेच्या पुढे-मागे खेळतात आणि समेवर बरोबर येतात. घरी हार्मोनियम असेल तर सरगमेचा एखादा लहान तुकडा निवडून, तो अर्ध्या वेगाने ऐकून वाजवून पाहावा. वेगात जो केवळ वर्षाव वाटत होता, त्यात किती हिशेब आहे हे बोटांना कळते.

येथे ग्वाल्हेरच्या माणसाने जरा थांबून आपल्याच शहराकडे पाहावे. शिंदे दरबारातील बडे मोहम्मद खाँ हे कव्वाल बच्चांच्या, म्हणजे कव्वाल घराण्यातल्या गायकांच्या, परंपरेतले. आपल्या ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू खाँ व हस्सू खाँ यांनी त्यांची तानबाजी लपून ऐकून आत्मसात केली, अशी आख्यायिका येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढे खरे की ख्यालाच्या या जुन्या घराण्यात कव्वालांचे रक्त मिसळलेले आहे. तेच ख्यालगायन पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेले. अष्टांग गायकी, म्हणजे आपल्या घराण्याची आठ अंगांची गायकी, शिकलेल्या किंवा नुसती ऐकलेल्या माणसाला नुसरत यांच्या गाण्यात बोलतान, गमक, लयकारी सारे ओळखीचे भेटेल. तराणासुद्धा भेटेल, कारण अमीर खुसरो (१२५३–१३२५) यांच्या नावाने चालत आलेल्या ‘मन कुन्तो मौला’ या रचनेत अरबी वचनाला तराण्याचे बोल जोडलेले आहेत. ती रचना नुसरत यांच्या आवाजात ऐकावी आणि लगेच ग्वाल्हेर घराण्यातला एखादा तराणा लावावा. शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्हींचे नाते कोणी समजावून द्यावे लागत नाही.

शब्दांसाठी काय करावे

उर्दू, पंजाबी, फार्सी आणि ब्रज अशा चार भाषा एकाच बैठकीत येतात. सर्वांचा अर्थ एकदम लावू पाहणाऱ्याचा उत्साह आठ दिवसांत संपतो. आधी हिंदी-उर्दू रचना घ्याव्यात, मग पंजाबी, आणि फार्सी सर्वांत शेवटी. ‘सूफीनामा’ या संकेतस्थळावर पुष्कळ कलाम देवनागरीत, कठीण शब्दांच्या अर्थांसह मिळतात. छापील शब्द समोर ठेवून ऐकणे दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावे.

मराठी वाचकाने लवकर ऐकावी अशी एक रचना म्हणजे नाझ खियालवी यांची ‘तुम इक गोरखधंदा हो’. ती सुमारे अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यात भक्त देवाला एकामागून एक जाब विचारतो. मुसलमान श्रोत्यांसमोर इतके उघड भांडण कसे गायले जाते असे कोणी विचारले तर मी त्याला जनाबाईची आठवण देते, जिने विठ्ठलाला अरे-तुरे करून शिव्या दिल्या आणि तरीही तिचे दळण त्यानेच दळले असे आपण श्रद्धेने सांगतो. निंदास्तुतीची ही भाषा आपल्या ओळखीची आहे. शीर्षकातला गोरखही आपला, नाथपंथाचा. आणि ग्वाल्हेरला तर त्याची आणखी एक गाठ आहे: शहरातल्या हजिरा भागात ज्यांची जाळीदार कबर आहे त्या शत्तारी पंथातील सूफी मुहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकात ‘अमृतकुंड’ या योगग्रंथाचे फार्सी रूपांतर केले होते. सूफी आणि जोगी यांची बोलणी या गावात फार जुनी आहेत.

चरित्र केव्हा वाचावे

महिनाभर ऐकून झाल्यावर. तोपर्यंत मोजकेच माहीत असले तरी पुरते. त्यांचे घराणे मूळ जालंधरजवळच्या बस्ती शेख दरवेशचे. फाळणीनंतर ते लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला गेले, आणि तेथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसरत यांचा जन्म झाला. वडील उस्ताद फतेह अली खान नामवंत कव्वाल होते आणि मुलाने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. १९६४ मध्ये वडील गेले आणि त्यांच्या चाळिसाव्या दिवशी नुसरत प्रथम लोकांसमोर गायले. आपल्याला वारंवार एक स्वप्न पडते, त्यात वडील आपल्याला एका दरग्यात नेऊन गायला सांगतात, आणि घरच्यांनी ती जागा अजमेरची असल्याचे ओळखले, असे ते सांगत असत. पुढे अजमेरला गाण्याचा योगही आला. काका मुबारक अली खान यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये पार्टीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १६ ऑगस्ट १९९७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना एकोणपन्नासावे वर्ष पुरे व्हायचे होते.

सव्वीस वर्षांचे नेतृत्व, आणि त्यात इतके काम. हा हिशेब मनात घेऊन पुन्हा १९८५ चे ध्वनिमुद्रण ऐकावे. छत्तिसाव्या वर्षीचा तो आवाज पूर्ण भरात आहे. शेवटच्या वर्षांतल्या काही मैफलींत दम कमी झालेला आणि स्वर जड झालेला जाणवतो, पण शब्दावर थांबण्याची ताकद वाढलेली आढळते, आणि मला तर त्या थकलेल्या आवाजातली काही आवर्तने अधिक प्रिय आहेत.

प्रयोग आणि चित्रपट

आता या टप्प्यावर गिटारवादक मायकेल ब्रुक यांच्यासोबतचे ‘मस्त मस्त’ (१९९०) ऐकायला हरकत नाही. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी शब्द मागे सारून केवळ स्वर ठेवले आहेत. कव्वाली म्हणून ते अपुरे आहे, पण आवाज म्हणून सुंदर आहे, आणि मूळ गायन ऐकलेल्या माणसालाच हा भेद नेमका जाणवतो. चित्रपटांपैकी ‘बँडिट क्वीन’ (१९९४) आपल्या भागातल्या श्रोत्याने चुकवू नये. चंबळच्या बीहडांवर फिरणारा तो आवाज ऐकताना, भिंड-मुरैन्याच्या रस्त्याने लहानपणापासून प्रवास केलेल्या माणसाला मातीचा तो उदास रंग ओळखीचा वाटतो.

२०२४ मध्ये ‘चेन ऑफ लाइट’ या नावाने १९९० च्या मुद्रणातल्या चार कव्वाल्या प्रथमच प्रसिद्ध झाल्या. त्यांतली खुसरोंची फार्सी गझल मी सर्वांत शेवटी ऐकायला सांगेन, कारण फार्सी न येताही तिच्यात गाठी कोठे पडतात हे कळू लागले की वहीची गरज उरत नाही.

घरी बैठक कशी भरवावी

एकट्याने ऐकण्याचा टप्पा पार पडल्यावर पाच-सहा जणांना बोलवावे. त्याहून जास्त नकोत, कारण मग गप्पा सुरू होतात. सतरंजी अंथरावी, स्पीकर भिंतीला टेकवून न ठेवता थोडा पुढे आणावा, चहा आधी उरकून घ्यावा. एकाने आरंभी मुख्य ओळीचा अर्थ दोन वाक्यांत सांगावा आणि मग गप्प बसावे. दाद मोकळेपणाने द्यावी. कव्वाली ही मान खाली घालून ऐकण्याची गोष्ट नाही. मात्र टाळी देताना हमनवांच्या टाळीवरच द्यावी, कारण घरातली एक चुकलेली टाळी सगळ्यांचे लक्ष मोडते. हम्दने सुरू करावे, दीड तासात तीन रचनांहून अधिक घेऊ नयेत.

डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सकाळी हजिऱ्याला शहनाई होते, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे गायनही होते. आमच्या बैठकीतली मंडळी त्या दिवशी लवकर पोचून मुहम्मद गौस यांच्या कबरीच्या जाळीपाशी बसतात. हरिकथा सुरू व्हायला वेळ असतो, ऊन अजून कोवळे असते, आणि आदल्या रात्री ऐकलेली एखादी ओळ कोणीतरी हलक्या आवाजात पुन्हा म्हणू लागते.